शेवटच्या इच्छांविषयी रुग्णाशी कसं बोलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात परिचारिका आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना, धाप आणि घालमेल कमी ठेवणं हे आमचं काम. खालचे प्रश्न मला वॉर्डात क्वचितच कुणी विचारतं. ते विचारले जातात जिन्यात, लिफ्टपाशी, औषधाच्या दुकानाच्या रांगेत, हळू आवाजात. कधी विचारणारे नातेवाईक असतात, कधी नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि सिस्टर. उत्तरं दोघांसाठीही आहेत.

हे बोलणं काढायचं कधी?

माणूस शुद्धीत असताना, श्वास बरा चालू असताना, दुखणं आटोक्यात असताना. म्हणजे बहुतेक घरांना वाटतं त्याच्या कितीतरी आधी. आयसीयूच्या दारात, हातात संमतीपत्र आणि पेन असताना हा विषय निघतो तेव्हा ज्याचा तो प्रश्न असतो तोच बोलण्याच्या स्थितीत नसतो.

काही खुणा सांगते. तिसऱ्या-चौथ्यांदा त्याच कारणासाठी ॲडमिट व्हावं लागलं. केमो थांबवायचं ठरलं. किडनीचा रुग्ण डायलिसिसला कंटाळला आहे. हृदय किंवा फुप्फुस इतकं थकलंय की संडासापर्यंत जातानाही दम लागतो. यातलं काहीही असेल तर आता बोला. आणि एकाच बैठकीत सगळं उरकू नका. आज एक गोष्ट, परवा दुसरी.

घरचे म्हणतात, "त्यांना काही सांगू नका, हाय खातील." मग?

मला सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य हेच. त्यामागे माया असते, म्हणून मी कधी त्यावर चिडत नाही. पण मी एक विचारते, "त्यांना काय माहीत आहे असं तुम्हाला वाटतं?" उत्तर येतं, "काहीच नाही." मग मी रुग्णाच्या कॉटपाशी जाऊन बसते आणि तोच प्रश्न त्यांना विचारते. दहातले कितीतरी जण दाराकडे बघून घेतात आणि म्हणतात, "मला कळतंय सगळं. पोरांना बोलू नका, घाबरतील."

एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांना जपत बसतात आणि त्यात दिवस निघून जातात. रुग्णाला कळायला रिपोर्ट लागत नाही. अंगावरचे कपडे सैल झालेले त्याला दिसतात. डॉक्टर राउंडला येऊन पूर्वीइतके थांबत नाहीत, भेटायला येणारे डोळे पुसून आत येतात, गावाकडची कधी न येणारी माणसं अचानक येऊ लागतात. तो सगळं बघत असतो.

नातेवाइकांना मी शब्द देते की मी होऊन "तुम्हाला कॅन्सर आहे, इतके दिवस उरलेत" असं काही फेकणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. हे दोन्ही आधी स्पष्ट केलं की बहुतेक घरं तयार होतात. नाही झाली तर थांबते, दुसऱ्या दिवशी परत विचारते. आणि एक आहे, ज्यांना खरंच जाणून घ्यायचं नसतं असेही रुग्ण असतात. "ते सगळं माझ्या मुलीला सांगा, ती ठरवेल," असं एखादे काका म्हणाले, तर तीच त्यांची इच्छा. ती केसपेपरवर लिहून ठेवायची.

सुरुवात कुठल्या वाक्याने करायची?

आधी खुर्ची ओढून बसा. उभ्याने हा विषय काढू नये, ते घाईत असल्यासारखं दिसतं. मोबाइल सायलेंटवर ठेवा. शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक कान देऊन असतील तर पडदा ओढून घ्या. आपल्या वॉर्डांत याहून जास्त खाजगीपणा मिळत नाही, पण पडद्यानेही फरक पडतो.

मग विचारा, "आजाराबद्दल डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?" किंवा "तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय, तब्येत कुठल्या दिशेने चाललीय?" उत्तर आल्यावर गप्प बसा. ही गप्प बसण्याची सवय मला लागायला काही वर्षं लागली. दहा-पंधरा सेकंदांची शांतता आपल्याला असह्य होते आणि आपण "काळजी करू नका" असं काहीतरी बोलून ती बुजवतो. खरं तर त्याच सेकंदांत माणूस शब्द जुळवत असतो.

पुढचे प्रश्न साधे ठेवा. "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" "आजार वाढलाच तर तुमच्या दृष्टीने काय व्हायला हवं, काय अजिबात नको?" "तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कुणी बोलावं?" हा तिसरा प्रश्न कधी विसरू नका. आपल्याकडे गृहीत धरतात की थोरला मुलगा बोलेल. मी विचारलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणींनी लेकीचं नाव सांगितलं, काहींनी सुनेचं.

"मी आता वाचत नाही ना?" असं थेट विचारलं तर काय उत्तर द्यायचं?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजींनी मला हे विचारलं होतं. मी सलाईनची बाटली बदलत होते. "पोरी, मी काही आता घरी जात नाही ना?" मी मागे न बघता म्हणाले, "असं काय बोलता आजी, ठणठणीत होऊन जाल." तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. त्यांची बहीण सामान न्यायला आली तेव्हा तिच्याकडून कळलं की धाकट्या लेकीशी त्यांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. तिला निरोप धाडायचा विचार चालू होता. पण आजी म्हणाल्या होत्या, "सिस्टर म्हणतेय मी बरी होणार, मग सावकाश बोलावू."

ते वाक्य मी दिलासा म्हणून बोलले होते. तेव्हापासून मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि विचारते, "आज असं का वाटलं तुम्हाला?" कुणी म्हणतं, रात्री फार दुखलं. कुणी म्हणतं, स्वप्नात आई आली होती. कुणाला खरंच सरळ उत्तर हवं असतं. मग सांगायचं, "आजार बरा होण्यापलीकडे गेलाय, हे खरं आहे. पण दुखणं कमी ठेवणं आमच्या हातात आहे आणि ते आम्ही शेवटपर्यंत करू." एवढंच. त्यावर वैद्यकीय व्याख्यान नको. रडू आलं तर रडू द्यावं, लगेच पाण्याचा ग्लास पुढे करू नये.

किती दिवस उरलेत, हे सांगावं का?

आकडा सांगू नये, तो चुकतो. "तासांची गोष्ट आहे, दिवसांची, आठवड्यांची की महिन्यांची" एवढं डॉक्टर बऱ्यापैकी सांगू शकतात, आणि कुणाला बोलवायचं, लग्न अलीकडे घ्यायचं का, हे ठरवायला तेवढं पुरतं.

रुग्णाला बोलता येत नसेल तर?

बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही असं नाही. जुन्नरकडचे एक बाबा होते, घशाचा कॅन्सर, श्वासासाठी गळ्यात नळी टाकलेली. मुलगा सगळी उत्तरं स्वतःच द्यायचा. "बाबांना काही नकोय सिस्टर, त्यांना फक्त बरं व्हायचंय." नातवाची जुनी पाटी उशाशी असायची, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात फुटलेली. मी ती बाबांच्या हातात दिली आणि विचारलं, "पुढचे दिवस कुठे काढायला आवडतील?" त्यांनी लिहिलं, "घर". मग थोडं थांबून खाली, "ओटा". मुलगा म्हणाला, "ओट्यावर थंडी असते हो बाबा." बाबांनी कोपराने पाटी पुसली आणि लिहिलं, "घोंगडी".

मुलगा पुढे काही बोलला नाही. घरी न्यायला काय काय लागेल, हे विचारत तो माझ्यामागे नर्सिंग स्टेशनपर्यंत आला.

पाटी नसेल तर हो-नाहीचे प्रश्न. "हो असेल तर हात दाबा, नको असेल तर डोळे मिटा." एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर नक्की कळलं का हे बघायला तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. कानाचं यंत्र आणि चष्मा लावलाय का ते आधी बघा. अर्धे "समजत नसलेले" रुग्ण यंत्र काढून ठेवल्याने ऐकत नसतात.

"सीपीआर नको" म्हटलं म्हणजे उपचार बंद का?

नाही. सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. अचानक हार्ट अटॅक आलेल्या धडधाकट माणसाचा जीव यानं वाचतो. पण सगळ्या शरीरात पसरलेल्या कॅन्सरमध्ये हृदय थांबतं ते शरीर संपत आल्यामुळे. तिथे बरगड्या मोडतात आणि माणूस सहसा परत येत नाही, आला तरी व्हेंटिलेटरवर येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार "सीपीआर करू नये" हा निर्णय रुग्णाशी किंवा जवळच्यांशी बोलून केसपेपरवर लिहिता येतो. वेदनेचं औषध, ऑक्सिजन, जखमेचं ड्रेसिंग, अंग पुसणं, कूस बदलणं सगळं चालूच राहतं.

लिव्हिंग विल म्हणजे काय, आणि ते कसं करायचं?

आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलंय. तेव्हाची प्रक्रिया मात्र फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता असं आहे. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असला पाहिजे, कुणाच्या दबावाखाली नाही. कागदावर स्पष्ट लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुमच्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं लिहायची, एकाहून जास्त चालतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईतले डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले, तेव्हा आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. विचार बदलला तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

प्रत्यक्ष अंमल करायची वेळ आली की रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्यांपेक्षा वेगळे. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार काढून घेण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. लिव्हिंग विल नसेल तरी कुटुंबाच्या संमतीने याच वाटेने जाता येतं.

आणि रुग्ण शुद्धीत असेल, सगळं समजून "मला नळी नको" म्हणत असेल, तर त्याचा शब्द हाच शब्द. हे वाक्य मी आमच्या ज्युनिअर डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगते, कारण समोर शुद्धीत बसलेल्या माणसाला सोडून त्याच्या जावयाला विचारण्याची आपली सवय मोडत नाही.

म्हणजे हे इच्छामरण झालं का?

इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हा आहे आणि इथे त्याची चर्चाच नाही. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, मध्ये यंत्रं उभी करायची नाहीत, आणि त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच.

लोक विचारतात तेव्हा बहुतेकांच्या मनात अरुणा शानबाग असतात. केईएम रुग्णालयातल्या त्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अन्न देणं थांबवावं ही याचिका नामंजूर केली, पण त्याच निकालाने उपचार थांबवण्याचा प्रश्न पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आणला. त्या आमच्यातल्या होत्या, त्यामुळे मला हे नुसतं प्रकरण म्हणून सांगता येत नाही. आणि पवनारला विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न-औषध नाकारलं ते अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवतं. "विनोबांसारखं जायचंय" असं एखादे आजोबा म्हणाले तर त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते विचारा. कित्येकदा अर्थ एवढाच निघतो की नाकातून नळी नको.

मॉर्फिन सुरू केलं की माणूस लवकर जातो, खरं का?

नाही. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. गैरसमज होण्याचं कारण असं की आपल्याकडे ते फार उशिरा सुरू होतं, त्यामुळे "मॉर्फिन दिलं आणि दोन दिवसांत गेले" एवढंच लक्षात राहतं. धापेलाही ते उपयोगी पडतं. बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परवान्यांमुळे ते मिळणं वर्षानुवर्षं अवघड होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली, तरी लहान गावांत अजून सहज मिळत नाही. घरी जाण्याआधी गोळ्या हातात आहेत का, हे म्हणूनच बघा.

ते जेवतच नाहीत. उपाशी कसं मरू द्यायचं?

या प्रश्नाला आयांचे आणि बायकांचे डोळे भरून येतात. घास भरवणं हीच आपल्याकडची माया, आणि तीच नाकारली गेल्यासारखं वाटतं. पण शेवटच्या दिवसांत शरीर अन्न घेणं स्वतःच थांबवतं. भूक आणि तहान दोन्ही मंदावतात. तेव्हा बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईन चढवत राहिलं तर पाय सुजतात, छातीत घरघर वाढते.

त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली करा. ओठांना तूप लावा. शुद्धीत असतील आणि मागत असतील तर चमच्याने दोन थेंब, मग ते उसाचा रस असो की पहिला चहा. एका काकूंनी नवऱ्याला रोज त्याच्या आवडीच्या सोलकढीचे थेंब दिले. मधुमेहाचं पथ्य आता सोडून द्या, खरंच.

भावंडांचं एकमत होत नाही. मोठा भाऊ न्यू जर्सीहून निघालाय, तोपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवा म्हणतो.

जो लांब आहे त्याने गेले सहा महिने आईची घसरण डोळ्यांनी पाहिलेली नसते. तो व्हिडिओ कॉलवरच्या, पदर नीट करून बसलेल्या आईला ओळखतो. त्याच्याशी भांडू नका. डॉक्टरांना सांगून त्याला फोनवर घ्या आणि सगळ्यांना एकत्र एकदाच माहिती द्या, प्रत्येकाला वेगवेगळी दिली की गोंधळ वाढतो. मग "तुम्हाला काय हवं?" ऐवजी विचारा, "आईला आत्ता बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?" या प्रश्नाला भांडणारी भावंडंही बहुधा एकच उत्तर देतात.

विमान उतरेपर्यंत आई राहीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. फोन आत्ता तिच्या कानाशी धरा, त्याला जे बोलायचंय ते बोलू द्या. ऐकू येतंय असं धरूनच चालायचं.

घरी न्यायचं ठरलं तर?

पैसे संपले, आशा संपली, की आपल्याकडे नातेवाईक कागदावर सही करतात आणि रुग्णाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेतात. वॉर्डाच्या भाषेत "डामा", म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी. हातात औषध नाही, धाप लागली तर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नाही. मला याचा संताप येतो, आणि तो कुटुंबावर नसतो. घरी जाणं ही रुग्णाची इच्छा असेल तर रुग्णालयानेच त्याला नीट तयारीने घरी पाठवायला हवं.

मॉर्फिन आणि इतर औषधांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. घरघर, थांबत-थांबत श्वास, हातपाय गार पडणं, ही शेवटची लक्षणं आधीच समजून घ्या, नाहीतर मध्यरात्री घाबरून परत आयसीयूत धाव घेतली जाते. गावातल्या डॉक्टरांना आधी भेटून ठेवा, कारण घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला त्यांनाच नमुना ४-अ मध्ये द्यावा लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

व्यवहाराचं आणि देवाधर्माचं कुणी विचारायचं?

दोन्ही विचारा. सातबारा, सोसायटीचं कर्ज, बँकेत वारस कोण, पेन्शनचे कागद. हे विचारणं लोभ वाटेल म्हणून घरचे टाळतात आणि रुग्ण त्याच काळजीने झोपत नाही. तसंच गंगाजल-तुळशीपत्र, हरिपाठ, कुणाला कलमा कानावर पडायला हवा, कुणाला फादर, कुणाला त्रिशरण. कुणाला यातलं काहीच नको असतं, तेही विचारल्याशिवाय कळत नाही. नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून ते आधीच घरच्यांच्या कानावर घाला.

मदत कुठे मिळते?

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत सांभाळणारं ठिकाण. गोव्यात लोटलीला त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारजेला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. केरळात शेजारपाजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक घरी येऊन रुग्णाची विचारपूस करतात, तसं जाळं आपल्याकडे अजून उभं राहायचं आहे.

नातवंडांना भेटायला आणावं का?

आणा. नळ्या कसल्या आहेत, आजोबा का झोपलेले असतात, हे दाराबाहेर दोन वाक्यांत सांगा आणि मग आत सोडा. पोर कॉटवर चढून बसलं तर बसू द्या. फक्त सलाईनचा हात कुठला, ते दाखवून ठेवा.